मेल्या मासळीचा हेवा

माणसाला माणसाचा हेवा वाटतो. जावेला जावेचा वाटतो, शेजारणीला शेजारणीचा वाटतो. मला आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा वाटला तो एका मेलेल्या मासळीचा. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. सुनेला सांगितलं तर ती हसेल, आणि मुलगा हसला नाही तरी तिच्याकडं बघेल, ते मला जास्त लागेल. दुपारी घर रिकामं असतं, भांडी घासून झालेली असतात, तेवढ्या वेळात लिहिते.

आम्ही भोई. पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या काठी आमचं गाव होतं. पुढं ते धरणाच्या पाण्यात गेलं, त्यामुळं आता दाखवायला काही उरलं नाही. घरात आम्ही तिघंच, आबा, माय आणि मी. माझ्या पाठीवरची दोन राहिली नाहीत. घरातली सगळ्यात चांगली जागा जाळ्याची होती, आम्ही आपले त्याच्या कडेकडेनं झोपायचो. संध्याकाळी आबा आले की माय मरळ नाहीतर वाम राखेत घोळून धुवायची, येसराचा मसाला घालून कालवण करायची, आणि ते उकळायला लागलं की चुलीशेजारी बसलेल्या मला झोप यायची, इतका तो वास ओळखीचा होता. टोपलीतली मासळी विकली जाईपर्यंत आबा तिच्यावर सारखं पाणी शिंपडत राहायचे. मासळी मेली तरी तिचा डोळा कोरडा पडू द्यायचा नाही, अशी आमच्यात रीत. तिनं आपलं पोट भरलं, तर आपल्या हातात आहे तोवर तिला कोरडं ठेवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आबा जमिनीवर अबोल होते. पाण्यात शिरले की मात्र बोलायचे. माझे केस तेच नदीत धुवायचे, मायला सवड नसायची. काठाची काळी माती चोळून, ओंजळीनं पाणी ओतून ते केस मोकळे करायचे आणि मध्येच वाकून विचारायचे, "डोळ्यात गेलं का गं?" गेलेलं नसलं तरी मी व्हय म्हणायची. मग ते धोतराच्या सोग्यानं माझे डोळे टिपायचे. बापाची माया म्हटलं की मला एवढंच आठवतं, पण हे पुष्कळ होतं.

मग दुष्काळाची वर्षं आली. पहिल्या वर्षी नदीची धार झाली, दुसऱ्या वर्षी धारेचे डोह झाले, आणि शेवटी गावाखालचा एकच डोह राहिला. तो आटून जाण्यापेक्षा उपसून घ्यावा असं गावानं ठरवलं. बादल्या, घागरी, टोपल्या घेऊन सगळं गाव चिखलात उतरलं. मोठी मासळी सकाळीच संपली. दुपारी बाया लुगड्यात गाळून बोटाएवढी पिल्लं काढायला लागल्या. आबा गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणाले, "अरं, एवढी तरी ऱ्हाऊ द्या बियाला."

"लई हायेत, भाऊ," कुणीतरी म्हणालं. "डोह का आसा सरतोय?"

दिवस मावळायच्या आत डोह सरला. आमच्याही टोपलीत आमचा वाटा आला आणि आम्ही तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी आबांनी जाळं गुंडाळून आढ्याला बांधलं. त्यानंतर ते घरात असून नसल्यासारखे झाले. विचारलं तेवढं बोलायचे, विचारलं नाही तर दिवसभर काही नाही.

त्याच उन्हाळ्यात आम्ही जाळ्यासकट एस.टी.त बसून औरंगाबादला आलो. मायचा एक चुलतभाऊ गारखेड्याला बांधकामावर होता, त्यानं बोलावलं. आज मी जिथं राहते तिथंच जवळपास तेव्हा नांगरलेली वावरं होती, आणि वावरांतून पांढऱ्या फक्कीनं रेघा मारून प्लॉट पाडले होते. पाऊस नसला तरी शहर वाढत होतं. गावोगावची माणसं खडी फोडायला नाहीतर विटा उचलायला येत होती, रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खात होती, आणि त्यांच्या हातून दुसऱ्यांचे बंगले उभे राहत होते. माय बांधकामावर घमेली उचलायची. माझं काम पाणी आणण्याचं. टँकर यायचा तिथं, नाहीतर एका मळ्याच्या विहिरीवर, उन्हं वर येईस्तोवर रांगेत उभं राहायचं आणि एक कळशी घेऊन यायचं. नव्या स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलेलं असायचं, भिंतींना नळीनं पाणी मारायचे. भिंतींनासुद्धा पाणी लागतं हे मला तेव्हा कळलं, आणि मला भिंतींचा राग आला.

विहिरीच्या वाटेवर एक पत्र्याची शाळा होती. गावात मी चौथी पास झाले होते. मास्तरांनी आबांना सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, बोलत नाही पण लिहिते नीट, हिला पाचवीत घाला. या शाळेत पाचवी होती. लाल रिबिनी बांधलेल्या माझ्याएवढ्या मुली एका सुरात कविता म्हणायच्या, आणि मी कळशी उतरवून, पत्र्याला पाठ लावून ऐकत उभी राहायची. दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या बरोबरीनं म्हणायची. एकदा बाईंनी बाहेर येऊन विचारलं, "काय गं, कुणाची तू?" मी लाजून कळशी उचलून पळाले. नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुढं पुष्कळ केला. पण माझ्या तोंडून परक्यासमोर नाव निघत नसे, आजही निघत नाही. दवाखान्यात सून सांगते, आईंचं नाव गयाबाई.

तर मासळी. रस्त्याच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात एक दिवस तंबू लागला. मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे. सिल्लोडचे, मूळचे कापसाच्या धंद्यातले, पण कापूसच पिकेनासा झाला तेव्हा त्यांनी गुजराथच्या किनाऱ्यावरून एक प्रचंड मासळी ट्रकवर घालून आणली होती. आतलं सगळं काढून, कातड्याला मीठ आणि औषध लावून, पोटात भुस्सा भरलेली. ट्रकच्या दोन टोकांना पुरून उरेल एवढी ती लांब. तंबूवर पाटी होती, 'समुद्रातला राक्षस', आणि उस्ताद भोंग्यावरून ओरडायचे, "आइये, देखिये, माणूस गिळणारा राक्षस." राक्षस दिसावा म्हणून त्यांनी तिच्या तोंडात पत्र्याचे दात बसवले होते. डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या होत्या. अंगावरचे पांढरे ठिपके पुसट झाले तेव्हा उस्तादांनी ते ऑइलपेंटनं पुन्हा काढले, आणि पेंट उरला म्हणून नव्हते तिथंही काढले.

मायच्या भावानं आम्हाला तिकीट काढून नेलं. माणसं हसत होती, बाया पदर तोंडाला लावून तिच्या तोंडात डोकावत होत्या. आबा तिच्या डोक्यापाशी जे थांबले ते हललेच नाहीत. आम्ही परत आलो, दुपार टळली, तरी ते आत. उस्ताद शेवटी त्यांच्याजवळ गेले.

"क्या देखरा मियाँ इत्ती देर से? तिकीट एकदाच काढलंस ना?"

"हिला तहान लागली आसंल," आबा म्हणाले.

उस्ताद मोठ्यानं हसले. "अरे, मर के जमाना हो गया उसको."

"तरी बी."

उस्तादांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं की कोण, कुठला. भोई म्हटल्यावर ते खूश झाले. त्यांना मासळीतला माणूस हवाच होता. दुसऱ्या दिवसापासून आबा तंबूवर कामाला लागले आणि आम्हाला तंबूमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला जागा मिळाली. काम सोपं होतं. तेलाच्या फडक्यानं मासळीचं अंग पुसायचं, फाटलं तिथं टाके घालायचे, उंदीर येऊ द्यायचे नाहीत. उस्तादांनी बजावून सांगितलं, "पानी नक्को. पाण्याचा थेंबही नाही. कळलं?" आबांनी मान हलवली.

त्या आठवड्यात आबा बोलायला लागले. जेवताना आपणहून सांगायचे की बाईचं अंग कसं खरबरीत आहे, उलटा हात फिरवला तर सोलून निघेल. बाई म्हणायचे ते तिला. पत्र्याच्या दातांमागं तिचे खरे दात आहेत, बाजरीच्या दाण्याएवढे, ओळीनं, आणि ह्या दातांनी ती माणूस कसला खाईल, पाण्यातला बारीक जीव खात असंल. माय भाकरी थापता थापता ऐकायची. मला आधी बरं वाटलं. नदीबरोबर गेलेले आबा परत आले असं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की ते परत आले खरे, पण आमच्याकडं आलेले नाहीत.

एक दिवस सकाळी ते म्हणाले, "गया, उद्यापासून एक कळशी जास्तीची आन."

मला काय वाटलं ते लिहायला आता लाज वाटते, पण तेव्हा मी लहान होते. कित्येक दिवस माझ्या केसांना पाणी लागलेलं नव्हतं. जटा झाल्या होत्या, उवा पडल्या होत्या, आणि मायला दिवसभर विटा उचलून आल्यावर माझ्या डोक्याकडं बघायचं त्राण नसायचं. मला वाटलं, आबांनी ते पाहिलं. मी दुसऱ्या दिवशी अंधार सरताच उठले, रांगेत पुढं नंबर लावला, एक खेप झाल्यावर पळत जाऊन पुन्हा मागं उभी राहिले. एका बाईनं मला ढकललं, एरवी मी बाजूला झाले असते, त्या दिवशी झाले नाही. दुसरी कळशी आणून दाराशी ठेवली आणि वेणी सोडून बसले.

आबांनी कळशी उचलली आणि तंबूत नेली.

मी मागोमाग गेले. तंबू अजून उघडायचा होता, कनातीतून पिवळा उजेड येत होता. आबांनी स्वच्छ फडकं कळशीत बुडवलं, पिळलं नाही, आणि मासळीच्या कपाळावरून हळूहळू खाली आणलं. मग ओंजळीनं पाणी घेऊन डोळ्यांच्या गोट्यांवर सोडलं. माझ्या मानेवर केस मोकळे होते, मी कनातीच्या दोरीला धरून उभी होते, आणि मला ऐकू आलं. "डोळ्यात गेलं का गं?"

मी परत येऊन वेणी घातली. जटांवरूनच घातली.

पुढं रोज मी ती दुसरी कळशी आणली. कुणी सांगितलं म्हणून नाही, आबांनी सांगितलं म्हणून. पण रस्ताभर त्या मासळीचा हेवा करत आणली. वाटायचं, हिला कसलं सुख आहे. हिला भूक नाही, उवा नाहीत, पाचवीची ओढ नाही, आणि तरी सगळं हिला. लोक तिकीट काढून हिला बघायला येतात, ही लाजत नाही. माझा बाप हिच्याशी बोलतो आणि ही उत्तरसुद्धा देत नाही. मी दिलं असतं.

मायच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. रांजणात पाणी तेवढंच आणि पोरगी दोन खेपा करते, हे कुठल्या बाईच्या नजरेतून सुटेल. तिनं मला विचारलं नाही. रविवारी कामाला सुट्टी होती, ती पदर खोचून सरळ तंबूत गेली आणि मी तिच्या मागं. आबांचा हात मासळीच्या गालावर होता.

"आरं वा," माय म्हणाली. "सवत आनली ती बी येवढी लांब. सैपाकाला कोन पुरं पडायचं?"

आबांनी हात काढला नाही. "रीत हाये म्हून करतो."

"रीत डोळ्याची हाये. ह्या गोट्या हायेत. पोरंबाळं खेळत्यात त्या. गोट्यांना पानी पाजताव व्हय?"

"गोट्या आसल्या म्हून काय झालं? जागा तर डोळ्याचीच हाये."

"जागा मला बी हाये डोळ्याची," माय म्हणाली. "हितं, नाकाच्या वर. कवा बघितली व्हती शेवटची?"

आबा तिच्याकडं बघायला लागले. खरंच बघायला लागले, नवीन माणूस आल्यासारखे. मायला हसू आलं, मग तिनं ते आवरलं आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं. बाहेर आल्यावर तिनं डोळे पुसले. आम्हा दोघींना एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, पण ते एकमेकींना सांगायची आमच्यात पद्धत नव्हती. त्या दिवशी माय तिच्या फणीनं माझ्या उवा काढत बसली, आणि मध्ये मध्ये म्हणायची, "आपल्याला काय, आपन शेपटीवाल्या थोड्याच हाओत."

मग वास यायला लागला. मिठावर टिकलेलं कातडं रोजच्या गोड पाण्यानं धुपलं होतं. आतला भुस्सा भिजून फुगला, पोटाची शिवण उसवली, आणि ऊन तापलं की तंबूत उभं राहवेना. तिकीट काढून आलेली माणसं नाक धरून पैसे परत मागायला लागली. उस्तादांनी मासळीच्या पोटाला हात लावला, बोटं हुंगली आणि आबांना विचारलं, "पानी मारा क्या तूने?"

"व्हय."

उस्ताद तिथंच खाली बसले. शिव्या देतील असं मला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "अरे, नदीतली नव्हे रे ही. समुद्रातली आहे. मिठात जन्मली, मिठावर उभी होती. तू मीठच धुऊन टाकलंस."

"मासळीला पानी मानवत नाय?" आबांनी विचारलं. ते अगदी खरेपणानं विचारलं होतं. आबांनी आयुष्यभर एकच पाणी पाहिलं होतं. दुसऱ्या चवीचं पाणी असतं आणि त्यात राहणारी मासळी गोड्या पाण्यानं बिघडते, हे त्यांना कुणी सांगायचं?

मैदानाच्या कडेला बांधकामाच्या मुरमाची खदान होती. दहा-बारा मजूर लावून मासळी तिथं पुरली. पत्र्याचे दात उस्तादांनी काढून घेतले. आता त्या जागेवर तीन मजली इमारत आहे, खाली मेडिकल आहे. मी बीपीच्या गोळ्या तिथूनच आणते.

दोन दिवसांनी उस्ताद आमच्या खोलीवर आले. मायनं बिनदुधाचा चहा केला. मी आतल्या बाजूला निवडायला बसले होते, पण कान बाहेर होते, कारण आता खोली जाणार हे मला कळत होतं. उस्तादांनी तसं काही काढलं नाही. ते उत्साहात होते. म्हणाले, हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर अशा मासळ्या येतात, आपण दुसरी आणू, हिच्याहून मोठी. "तू चल माझ्याबरोबर. मासळीतला माणूस पाहिजे. कायमचा माझ्याकडं राहा. खोली तुमचीच. आणि ही पोरगी..." त्यांनी आत वाकून पाहिलं. "शाळेच्या पत्र्याला कान लावून उभी राहते, मी रोज बघतो. पाचवी का? मी स्वतः जाऊन नाव घालतो. हेडमास्तर माझ्या ओळखीचे आहेत."

माझ्या हातातलं सूप तिरकं झालं आणि मिलो सांडला. माय चटकन म्हणाली, "जातील की. का नाय जानार?"

आबांनी विचारलं, "धरत्यात कशी तिला?"

उस्तादांना गोष्टी सांगायची हौस. बशीतला चहा फुंकत त्यांनी सांगितलं. भाला मारतात, भाल्याला दोरी, दोरीला रिकामी पिंपं बांधतात. तिला खाली जायचं असतं, पिंपं जाऊ देत नाहीत. दिवसभर ती पिंपं ओढत फिरते, नाव आपली मागं मागं. थकली की वर येते. "और ग़रीब कितनी, गाय जैसी. चावत नाही, मारत नाही. नावेजवळ आपणहून येते बघायला, तेव्हाच तर भाला मारता येतो."

"मग खात्यात?"

"खातं कोण? कलेजा काढतात, त्याचं तेल नावेला लावायला. बाकी फेंक देते."

"आनि तुमी न्यायची ती?"

"ती दाखवायला."

आबांनी कप खाली ठेवला. "आपन मासळी मारतो," ते म्हणाले, "पन खायला मारतो. आपनहून बघायला आलेली... मी नाय यायचा, उस्ताद."

"अरे, समुद्र आहे तो. एक आणली तर काय होतंय? लई पडल्यात तिथं."

"आमच्या डोहात बी लई व्हती," आबा म्हणाले.

मायनं समजावलं, मग भांडली, मग रडली. उस्तादांनीही दोनदा विचारलं. आबा उठले आणि आढ्याला बांधलेलं आमचं सामान सोडायला लागले. उस्ताद वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मायला म्हणाले, "भाबी, तुमचा आदमी समुद्राशी सोयरीक करून बसलाय." मग ते सिल्लोडला परत गेले आणि पुन्हा कापसाच्या धंद्यात पडले असं ऐकलं. दुसरी मासळी त्यांनीही आणली नाही.

परवा नात फोन घेऊन माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, आजी, हा बघ जगातला सगळ्यात मोठा मासा, व्हेल शार्क. मी चष्मा लावून पाहिलं. निळ्या पाण्यात ती चालली होती, शेपटी एवढी सावकाश हलवत की घाई तिला माहीतच नसावी. अंगावर ठिपके ओळीनं होते, उस्तादांनी काढले होते तसे अस्ताव्यस्त नव्हते. तोंड उघडं, दात कुठं दिसतही नव्हते. नात सांगत होती की पूर्वी गुजराथला यांना फार मारलं, तेलासाठी. आता कायदा आहे, मारली तर तुरुंग. जाळ्यात चुकून आली तर कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडतात, आणि फाटल्या जाळ्याची भरपाई मिळते. "वाचवायला पाहिजे ना गं आजी यांना? संपल्या तर परत येणार नाहीत."

"पाहिजे," मी म्हणाले. हे मी मनापासून म्हणाले. डोह सरतो, हे मी चिखलात उभं राहून पाहिलेलं आहे. आणि भरपाईचं ऐकून मला बरं वाटलं. सगळ्यांनी मिळून वाचवलं की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं. आबांच्या वेळी कायदा नव्हता, त्यामुळं त्या न मारलेल्या एका मासळीचं सगळं मोल आमच्या घरानं भरलं, आणि घरात मीच होते. पण एवढं सगळं कळत असताना, ती निळ्या पाण्यात आरामात वळली तेव्हा मला तोच जुना हेवा वाटला. म्हटलं, बाई, तू राहिलीस. तुझ्यासाठी माझा बाप कुणालातरी नाही म्हणाला. माझ्यासाठी तो कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. पुढं पंधराव्या वर्षी माझं लग्न ठरवलं तेव्हाही तो नुसता व्हय म्हणाला होता.

उस्ताद गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही खोली सोडली. मुकादमानं बांधकामावरच्या एका अर्धवट घरात राहायला परवानगी दिली होती, पण मलाही कामाला लावायचं या बोलीवर. मायनं गाठोडं बांधलं, तिचं तोंड सुजलेलं होतं. शाळेची घंटा झाली. मैदानातून मुली पळत निघाल्या होत्या. आबा दाराशी जाळं खांद्यावर टाकत होते, आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी कधी कुणाला उलट विचारलेलं नव्हतं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"आबा, ती मोठी का मी?"

आबांनी जाळं खाली ठेवलं. चिडले नाहीत. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, माझ्या जटांकडंही पाहिलं असेल.

"तुला मी हाये," ते म्हणाले. "तिला कोन हाये?"

उत्तर खरं होतं. इतक्या वर्षांत मी ते किती बाजूंनी फिरवून पाहिलं, खोटं निघालं नाही. तेव्हाही ते खरं आहे हे मला कळलं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

"तुमी हाव," मी म्हणाले. "पन पाचवी नाय."

आबांनी हात पुढं केला, माझ्या डोक्यापर्यंत आणला, पण ठेवला नाही. माय गाठोडं घेऊन पुढं निघाली होती. बांधकामावर पोचल्यावर मी चुंबळ डोक्यावर ठेवली, वर विटांची पाटी घेतली आणि तिच्या मागं गेले.